दोघांचे पाय, दोन वेगळी दुखणी

मॅडम,

स. न. वि. वि.

मी ४९ वर्षांची आहे. डोंबिवलीत घरातूनच पोळी-भाजीचं काम करते. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत ओट्याशी उभी असते. संध्याकाळी पाय इतके जड होतात की जिना चढवत नाही. घोट्यावर सूज येते, चपलेचा पट्टा रुततो. उजव्या पोटरीवर निळ्या शिरा फुगल्या आहेत. रात्री पोटरीत गोळे येतात. वर्षभरापासून बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू आहे.

ह्यांचं वय ५८. दहा वर्षांपासून डायबेटिस. रिक्षा चालवायचे, आता मुलगा चालवतो. तंबाखू आणि बिडी दोन्ही आहे. स्टेशनकडे चालत निघाले की पुलाच्या अलीकडेच पोटरी धरते. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की बरं वाटतं. पाय गार लागतात, मुंग्या येतात.

दोघांचंही रक्ताभिसरण कमी झालंय म्हणून रोज रात्री एकाच टबात गरम पाणी आणि खडेमीठ घालून पाय शेकतो, तेल चोळतो आणि पायाखाली दोन उश्या घेऊन झोपतो. मला बरं वाटतं. ह्यांना नाही. ते मध्यरात्री उठून पाय पलंगाखाली सोडून बसतात, म्हणतात बोटं ठणकतात. पुतणीने दाबाचे मोजे दोन जोड मागवले आहेत, ते घालावेत का? आणि व्हॉट्सॲपवर आलेला लसूण-आलं-लिंबाचा काढा? गोळ्या आधीच पुष्कळ आहेत. काहीतरी नैसर्गिक सांगा.

– एक वाचक, डोंबिवली

ताई,

पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथेच अडले. यजमान मध्यरात्री उठून पाय खाली सोडून बसतात, ही. तुमच्या सुजेबद्दल, काढ्याबद्दल सगळं सांगते, पण आधी हे. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. पितृपक्ष, मुलाची परीक्षा, गॅसचं बुकिंग, काहीही आड येऊ देऊ नका. आणि आज रात्रीपासून त्यांचं गरम पाण्यात पाय शेकणं बंद, पायाखालच्या उश्याही बंद.

कारण तुमच्या पायांना आणि त्यांच्या पायांना एक दुखणं नाही. तुमच्या पायांत रक्त उतरतंय व्यवस्थित, वर चढायला कुरकुरतंय. त्यांच्या पायांत ते उतरतच नसावं पुरेसं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी नळाला आपसूक येतं, पण खालचं पाणी टाकीत चढवायला मोटर लागते. तुमची मोटर दमली आहे आणि त्यांचा नळ गंजून अरुंद झाला आहे, असं पत्रावरून दिसतं. म्हणून पाय वर ठेवले की तुम्हाला हलकं वाटतं आणि त्यांना ठणका लागतो. तेच पाय खाली सोडले की वजनाने थोडं रक्त बोटांपर्यंत पोचतं आणि त्यांची कळ थांबते. झोपेतून उठून माणूस हे कुणीही न शिकवता करतो.

आता त्यांच्याबद्दल सविस्तर.

हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेतात त्या रोहिण्या. वर्षानुवर्षांची साखर, तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी त्यांच्या आतल्या भिंतीवर थर बसत जातो. बसल्या जागी पोटरीच्या स्नायूला रक्त थोडंच लागतं, तेवढं पोचतं. चालायला लागलं की मागणी कित्येक पटींनी वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि स्नायू कळवळतो. उभं राहिलं की मागणी उतरते, कळ जाते. दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर पोटरी धरणं आणि नुसतं उभं राहून ती सुटणं, ही या आजाराची ओळखीची खूण आहे. मणक्याच्या दुखण्यातही चालताना पाय भरून येतात, पण त्या माणसाला नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. त्याला कट्ट्यावर बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. यजमानांना नीट विचारा, ते नक्की काय करतात.

चालताना दुखणं ही पहिली पायरी. बसल्या-झोपल्या बोटं ठणकायला लागणं ही बरीच पुढची. इथून पुढे बोटाला जखम झाली तर ती भरत नाही आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतं. तुम्हाला घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही, पण गोडगोड बोलून तुमचा एक महिना काढ्यात घालवायची माझी तयारी नाही. हो, डायबेटिसने नसांवर परिणाम होऊनही पायांची आग होते, ठणका लागतो, मुंग्या येतात, आणि त्यात रक्तपुरवठा चांगला असू शकतो. दोन्ही एकत्रही असतात. घरी बसून त्यातलं काय आहे ते ठरवता येत नाही, तपासूनच कळतं.

तपासणी मात्र सोपी आहे. सुई नाही, दुखत नाही. झोपवून दंडाचा रक्तदाब घेतात आणि घोट्याचाही घेतात. घोट्याच्या वरच्या आकड्याला दंडाच्या वरच्या आकड्याने भागायचं. समजा दंडाला १४० आणि घोट्याला ९८ भरला, तर उत्तर ०.७. निरोगी माणसात ते १ किंवा थोडं जास्त येतं. ०.९ किंवा त्याखाली आलं की रोहिण्या अरुंद झाल्यात असं धरतात. याला एबीआय म्हणतात. एक मेख आहे. जुन्या डायबेटिसमध्ये रोहिण्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला किंवा १.४ च्याही वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात आणि डॉप्लर सोनोग्राफी करतात. म्हणून कुणी ‘एबीआय नॉर्मल आहे’ म्हणालं तरी डायबेटिस दहा वर्षांचा आहे आणि रात्री पाय खाली सोडावे लागतात, हे दोन्ही सांगा. रक्तवाहिन्यांचे सर्जन मिळाले तर उत्तम. खासगीतला खर्च झेपत नसेल तर मध्य रेल्वेने सायन किंवा परळ गाठा. सायन आणि परळचं केईएम ही पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. पाहिजे तर स्वतःचाही केसपेपर त्याच दिवशी काढून घ्या.

जायच्या आधी उजेडात त्यांचे पाय बघा. मोजे काढून, बोटं एकेक फाकवून. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत, नखांच्या कडेला काही चिघळलंय का? एखादं बोट निळसर-काळसर आहे का? नडगीवरचे केस गेलेत, कातडी पातळ आणि चकचकीत झाली आहे का? एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलला की ताठ दिसते त्या दोरीच्या जरा बाहेर, दोन बोटं हलकेच टेकवून नाडी लागते का बघा. नाही लागली म्हणून लगेच धसका घेऊ नका, काही धडधाकट माणसांतही तिथली नाडी लागत नाही. पण जखम किंवा काळं बोट दिसलं तर आठवडाही थांबू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच निघा.

गरम पाण्यावर मी का तुटून पडले, तेही सांगते. डायबेटिसने तळपायाची जाणीव कमी होते. तुम्हाला सोसवतं ते पाणी त्यांना कोमट वाटतं, मग ते म्हणतात, ‘अजून थोडं ओत.’ अशा शेकण्याने तळव्यावर फोड आलेले कितीतरी पाय माझ्या दवाखान्यात आले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना पाणी गरम असल्याचं कळलंच नव्हतं. वर कातडी तापली की तिची रक्ताची मागणी वाढते, जे त्यांच्याकडे आधीच तुटपुंजं आहे. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, विटेचा शेक, सगळं याच कारणासाठी वर्ज्य. पाय गार पडतात तर सैल सुती मोजे घाला, पांघरूण घाला. अंघोळीचं पाणी तुमच्या कोपराने तपासा. अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. देवळात जाताना मोजे ठेवा. फरशी उन्हाने तापलेली असली की यांना कळणार नाही.

तुम्ही ‘नैसर्गिक’ मागता आहात. तर यजमानांसाठी सगळ्यांत मोठा नैसर्गिक उपाय खिशातली पुडी आणि बिडीचं बंडल बाहेर काढणं हाच आहे. याला जोड नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात आणि त्यांचं आतलं अस्तर खराब होतं; ते ओढून घेतलं काय आणि गालात दाबून घेतलं काय, रक्तात जातंच. बिडी सोडून तंबाखू वाढवली तर हिशेब तोच. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत बर्गर नावाचा एक आजार आढळतो, त्यात साखर नसतानाही पायांची बोटं जातात. तंबाखू पूर्ण सुटली की तो थोपतो, नाहीतर नाही. तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे, १८००-११-२३५६. निकोटिनची च्युइंगम वगैरे डॉक्टरांना विचारून घेता येते. आणि ताई, तुम्ही किंवा घरातल्या कुणी मिश्री लावत असाल तर तीही जळलेली तंबाखूच आहे.

दुसरा उपाय चालण्याचा. पण तो डॉक्टरांनी पाय पाहून होकार दिल्यावर, आत्ता नाही. रात्रीचा ठणका किंवा जखम असताना ‘चालून चालून मोकळं होईल’ म्हणून त्यांना पळवू नका. होकार मिळाला की मात्र याइतकं औषध स्वस्त नाही. पद्धत ठरलेली आहे. कळ येईपर्यंत चालायचं, ती चांगली जाणवायला लागली की थांबायचं, पूर्ण गेली की परत निघायचं. असं थांबत-चालत सगळं मिळून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीन दिवस, आणि कमीत कमी १२ आठवडे. पहिल्या पंधरा दिवसांत फरक दिसत नाही, तिथेच लोक सोडतात. चिकाटी धरली तर न थांबता चालायचं अंतर चांगलंच वाढतं. थर विरघळत नाही, त्याचा कुणी दावा करत असेल तर करू द्या. स्नायू मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात, आजूबाजूच्या बारीक वाहिन्याही थोडा भार उचलतात. कळ येण्याची भीती बाळगायची नाही, या कार्यक्रमात ती यावीच लागते. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र तिथेच थांबायचं, कारण पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्याही बऱ्याचदा तशाच असतात. इसीजी त्यासाठीच करून घ्या.

गोळ्या पुष्कळ आहेत हे खरं. पण डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर ती काढ्याने बदलू नका. डायबेटिससाठी ते मेटफॉर्मिन घेत असतील तर व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्या. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात. शाकाहारी घरात तर आधीच कमी असतं.

आता तुमच्याकडे वळू.

तुमच्या पोटरीत निसर्गाने एक पंप बसवला आहे. पावलापासून हृदयाकडे रक्त वर नेणाऱ्या नीला पोटरीच्या स्नायूंमधून जातात आणि त्यांच्यात ठिकठिकाणी झडपा असतात, फक्त वरच्या दिशेने उघडणाऱ्या. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, रक्त वर ढकललं जातं, झडप मिटते, ते खाली येत नाही. चालणाऱ्या माणसाचा पंप चालू असतो. तुम्ही चालत नाही, उभ्या राहता, आठ तास, एका जागी. पंप बंद, रक्ताचा सगळा भार घोट्याकडे. काही वर्षांनी झडपा नीट मिटेनाशा होतात, वरची शीर फुगते, पाणी झिरपून सूज येते. त्यात समोर गॅस. उष्णतेने नीला आणखी सैलावतात, म्हणून उन्हाळ्यात तुमचे पाय जास्त कुरकुरत असणार.

म्हणजे तुम्हाला काम बदलायचं नाही, ओट्याशी उभं राहण्याची तऱ्हा बदलायची आहे. दहा लाट्या लाटून झाल्या की ओट्याला हात टेकवून दोन्ही टाचा उचला, क्षणभर चवड्यांवर राहा, सावकाश खाली या. असं १५ वेळा. तवा तापतोय तेवढ्यात होतं. ओट्याखाली एक पाट ठेवा आणि एकेक पाय आलटून पालटून त्यावर घ्या. कणीक मळणं, भाजी निवडणं, चिरणं, डबे भरणं ही सगळी कामं उभ्याने करायलाच हवीत असं नाही. कणीक मळायला खुर्ची-टेबल घ्या, निवडण-चिरण बसून करा. लाटायलाही उंच स्टूल चालतं, पोलपाट कोपराच्या जरा खाली येईल इतकं उंच हवं. बसल्यावर पाय लोंबते सोडून तासभर राहू नका, घोटे फिरवत राहा. तासाला एकदा गॅलरीपर्यंत जाऊन या. कढईचा घाणा तळत असाल तेव्हा नाही जमणार, पोळ्यांच्या वेळी जमेल.

दुपारी एकला काम संपलं की जेवणाआधी २० मिनिटं आडव्या व्हा आणि पाय छातीच्या पातळीपेक्षा वर येतील असे ठेवा. भिंतीला टेकवून सरळ वर केले तर फारच छान. नुसती एक उशी पावलाखाली घेऊन गुडघा वाकवलेला असेल तर फार उपयोग नाही. आधी पोटऱ्यांवर गार पाणी ओता. तुम्हाला ते चालतं आणि गरम पाण्यापेक्षा जास्त बरं वाटेल. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवा असा सल्ला अशा पायांना नेहमी देतात. मी तुम्हाला देत नाही, कारण त्याच पलंगावर यजमान झोपतात. तुमच्याच बाजूला गादीखाली घडी घातलेली गोधडी सरकवा.

सूज किती आहे ते पाहायचं तर संध्याकाळी नडगीच्या खालच्या भागावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडला आणि तसाच राहिला तर पाणी साठलंय. सकाळी उठल्यावर तो पडत नसेल तर गोष्ट उभं राहण्याची आहे. सकाळीही पायांवर खळगा पडत असेल, चेहरा सुजत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला हवं. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक संशयित घरातच आहे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यावर सूज येणं ही त्या गोळीची अगदी ठाऊक असलेली सवय आहे. सूज कधीपासून वाढली, गोळी कधी चालू झाली, दोन्ही तारखा आठवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, बीपी चढलं तर ते महागात पडेल. ज्यांनी दिली त्यांना सांगा, मात्रा कमी करता येते किंवा दुसरी गोळी देता येते.

मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, एक लहान चमचा, एवढ्यावर आणा. भाजीतलं मीठ तुम्ही मोजता, पण तुमच्यासारख्या पोळी-भाजीवाल्या बायका बऱ्याचदा उरलंसुरलं लोणचं-पापड आणि शेव-चिवड्यावर भागवतात, मीठ तिथून येतं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने नीलांवरचा भार कमी होतो. संध्याकाळी अर्धा तास साधं चालणं तुम्हाला आजपासून चालेल, विचारायची गरज नाही.

मोज्यांचं असं आहे. तुम्हाला ते उपयोगी पडू शकतात. चांगला मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जातो. गुडघ्यापर्यंतचा पुरतो. मापं सकाळी सूज यायच्या आधी घ्यायची, घोटा आणि पोटरी दोन्हीची. दाब किती हवा तो डॉक्टर ठरवतील, बहुधा १५ ते २० किंवा २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याचा, बीपी मोजतात त्याच मापात. पलंगावरून उतरायच्या आत चढवायचे, रात्री काढायचे. वरची कड दुमडायची नाही, तिथे आवळपट्टी होते आणि सूज उलट वाढते. गुडघ्याला बाजारातली घट्ट नी-कॅप लावून आठ तास उभं राहिलं की हेच होतं. यजमानांचा जोड मात्र पाकिटातच राहू द्या. ज्या पायात रक्त मुळात कमी उतरतंय त्याला बाहेरून आवळणं म्हणजे उरलंसुरलंही अडवणं. एबीआय झाल्याशिवाय त्यांच्या पायाला दाबाची कोणतीही वस्तू नको, क्रेप बँडेजही नको.

रात्रीचे गोळे. ते आले की पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढा, पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो. झोपायच्या आधी भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून, तळहातांनी भिंत ढकला, तीन-चार वेळा. गॅसपुढे घाम जातो तेवढं पाणी प्यायला विसरू नका. बहुतेक वेळा याचा रक्ताशी फारसा संबंध नसतो, दमलेल्या स्नायूचं ते काम आहे.

फुगलेल्या निळ्या शिरा व्यायामाने बसत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्ही म्हणाल काही उपयोग झाला नाही. जडपणा आणि सूज कमी होते, शीर दिसते तशी दिसते. आतल्या घोट्याजवळ कातडी काळपट पडायला लागली, खाज सुटली, ओल्या इसबासारखा चट्टा आला, किंवा तिथे जखम झाली तर मात्र सोनोग्राफी करून उपचार घ्या. लेसरने किंवा औषध टोचून ती शीर बंद करतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात.

राहता राहिला स्वयंपाकघरातला दवाखाना. लसूण, आलं, हळद जेवणात घाला, चांगलंच आहे. पण लसणाने थर धुऊन निघतो यावर विश्वास ठेवून थांबू नका. रोज उपाशीपोटी दहा-दहा पाकळ्या किंवा लसणाच्या कॅप्सूल तर नकोच, विशेषतः उद्या यजमानांना ॲस्पिरिनसारखी गोळी चालू झाली तर. दोन्हींनी रक्त गोठणं मंदावतं. आणि लिंबाचा काढा पिऊन त्यांचं पित्त वाढेल ते वेगळंच.

तेलाचा मसाज तुम्ही करून घ्या, घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने, फुगलेल्या शिरेवर जोर न देता. काशाच्या वाटीने तळवे घासायची तुमच्या घरी पद्धत असेल तर खुशाल घासा, झोप फार छान लागते. तूप काळं पडतं ते अंगातली उष्णता बाहेर आल्याने नव्हे, धातूच्या घर्षणाने. यजमानांच्या पायाला खोबरेल तेल नुसतं हाताने लावा, कातडी भेगाळू नये एवढ्यासाठी. बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. वाटीने घासणं नको, त्यांना ओरखडा कळणार नाही.

काही गोष्टी घडल्या तर ओपीडीची वाट बघायची नाही. तुमचा एकच पाय अचानक सुजला, पोटरी कडक आणि दुखरी झाली, तर आत गुठळी असू शकते. तो पाय चोळायचा नाही, त्याच दिवशी दाखवायचं. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन. तुमची फुगलेली शीर अंघोळीत फुटून रक्त वाहायला लागलं तर तिथेच आडव्या व्हा, पाय वर करा आणि स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. दिसायला भयंकर दिसतं, पण बहुतेकदा थांबतं, मग डॉक्टरांकडे जा. न थांबल्यास दाब तसाच ठेवून १०८ ला फोन. यजमानांचा पाय अचानक पांढराफटक, गार आणि बधिर पडला, बोटं हलेनाशी झाली, तर हातात फार तर सहा तास असतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी मुलाला उठवा आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात थेट न्या, वाटेत लहान दवाखान्यात थांबू नका. पायाला शेक नको, पाय वरही ठेवू नका. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून आजच दाराशी अडकवून ठेवा, म्हणजे तेव्हा शोधाशोध नको.